रस्ता उंबऱ्याखाली ठेव

बोरी, ता. जिंतूर

चि. सूनबाईस,

एकाच घरात राहून पत्र कशाला, असं तुला वाटेल. पण समोर बसून बोललो तर तू पदर सावरून ‘हो मामा’ म्हणशील आणि विषय संपेल. आता सरपंच तू आहेस. पटलं नाही तर खुशाल नाही म्हण.

जुन्या गावठाणातली पडकी माळवदं पाडून तिथं दुकानांचे गाळे काढायची चर्चा कानावर आली. त्याआधी माझी एक चूक ऐक. मी सरपंच असताना जुन्या गल्लीत सिमेंटचा रस्ता केला. आधीचा न खोदता, त्याच्याच उरावर. नारळ फुटला, फोटो निघाले. रस्ता वीतभर वर आला, उंबरे खाली गेले आणि पहिल्याच मोठ्या पावसात पाणी घरात. मातीच्या भिंतीला पायातून ओल लागली की ती फार दिवस तग धरत नाही. ज्यांना जमलं ते परभणी-जिंतूर रस्त्याकडेला प्लॉट घेऊन गेले. मागं म्हातारी माणसं राहिली. दर उन्हाळ्यात माळवदावर पांढरी माती टाकायला कोण चढणार? गल्ली ओस पडली त्यात नशिबाचा वाटा किती ते देव जाणे, माझा मात्र होता.

तेव्हा आधी नाली, मग रस्ता. आणि रस्ता उंबऱ्याच्या खाली. गुत्तेदार खोदाईला कुरकुर करील. करू दे.

दुसरं कागदाचं. नमुना आठ म्हणजे मालकी नव्हे, ती कराची नोंद. एका वाड्याला सात वारस, त्यातले चौघे पुण्यात. 2020 पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजतात, मिळकत पत्रिका निघते. तिच्यावर नावं नीट लागली, तर घरकुलाचं अनुदान जुन्या जागेवरच लावायची वाट मोकळी होईल. काम कंटाळवाणं आहे, त्याचं उद्घाटनही होत नाही.

जुनी जागा सोडली की काय होतं ते बघ. किल्लारीकडं 1993 च्या भूकंपानंतर 52 गावं नव्या जागी वसवली. तिथं नाइलाज होता. रुंद रस्ते मिळाले, पण जुना शेजार पांगला. आपल्याकडं तर तसा भूकंपही झालेला नाही.

गाळ्यांचा ठराव ग्रामसभेत येईल तेव्हा जुन्या गल्लीतल्या बायकांना पुढं बसव. आणि उद्या सकाळी टेप घेऊन चल माझ्यासोबत. कुणाचा उंबरा किती खाली गेलाय, ते मला घरागणिक ठाऊक आहे.

तुझा,
मामा