एका घोटाने काय होते?
वचन: रोमकरांस पत्र 14:21

लग्नाच्या मांडवामागे सोबत्याच्या हाती पेला देऊन "एका घोटाने काय होते?" असे आपण सहज म्हणतो. त्या बंधूस मनाच्या खिन्नतेवर डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आहेत, हे आपणांस ठाऊक नसते. आणि लोक वेडा म्हणतील ह्या भयाने तो सांगत नाही. अमिट्रिप्टिलिनसारख्या गोळीने मुळात झोप येते. वर मद्य घेतले म्हणजे गुंगी दुणावते, आणि त्याला तर मोटारसायकलीवरून घरी जावयाचे असते! मद्याने खिन्नता वाढते, ती निराळीच. कित्येक जण त्या रात्रीपुरती गोळी टाळितात व आपण सावधगिरी केली असे मानितात. हा भ्रम होय. फ्लुओक्सेटिन शरीरात कित्येक आठवडे राहते. एका रात्रीने ते जात नाही, आणि गोळी चुकविण्याची सवय लागली म्हणजे आलेला गुण मात्र जातो.

पौलाने तीमथ्यास थोडा द्राक्षारस सुचविला, तो पोटाच्या दुखण्याकरिता. (कित्येकांस तेवढेच वचन पाठ असते.) परंतु रोमकरांस लिहिताना त्याने भार दुर्बळावर घातला नाही, ज्याच्या खाण्यापिण्याने बंधू अडखळतो, त्याच्यावर घातला. तेव्हा पुढल्या लग्नात कोणी "नको" म्हणाला, तर कारण न विचारता त्याच्या हाती सरबत द्या.