रेषाजाल आणि निर्णय : एका उलट्या चित्राच्या निमित्ताने

१

ऑक्टोबर २०२२मध्ये जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथील कलासंग्रहालयातून एक विलक्षण माहिती पुढे आली. पीट मोंद्रियान (१८७२–१९४४) ह्या डच चित्रकाराची 'न्यूयॉर्क सिटी १' ही १९४१ची कृती कित्येक दशके उलटी टांगलेली होती. पांढऱ्या कॅनव्हासवर लाल, पिवळ्या आणि निळ्या चिकटपट्ट्या आडव्या-उभ्या लावून केलेली ही रचना १९४५मध्ये न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये प्रथम मांडली गेली आणि १९८०पासून ती ड्युसेलडॉर्फमध्ये आहे. पट्ट्यांची दाटी तळाशी, अशीच ती सर्वत्र दाखवली आणि छापली गेली. संग्रहालयातील कलातज्ज्ञ सुझान मायर-ब्यूझर ह्यांनी दोन गोष्टींकडे लक्ष वेधले. चित्रकाराच्या मृत्यूनंतर १९४४मध्ये त्याच्या चित्रशाळेचे एक छायाचित्र प्रसिद्ध झाले होते. त्यात घोडीवरच्या ह्या कृतीची दाट बाजू वर आहे. शिवाय पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातील 'न्यूयॉर्क सिटी' ह्या तैलचित्रातही दाटी वरच आहे. तरीही संग्रहालयाने कृती फिरवली नाही. पट्ट्यांचा चिकटपणा इतका जीर्ण झाला आहे की उलटवताना त्या सुटून येण्याची भीती होती.

ह्या बातमीकडे आधुनिक कलेवरचा एक विनोद म्हणून पाहिले गेले. परंतु तिच्यात एक गंभीर नैतिक प्रश्न दडलेला आहे. जी रचना उलटी असल्याचे सत्याहत्तर वर्षांत कोणाच्या ध्यानात येत नाही, तिच्याविषयी चित्रकाराने 'निर्णय' घेतला होता असे म्हणण्याला काय अर्थ उरतो? भौमितिक चौकट स्वीकारणारा कलावंत आपल्या निर्णयाची जबाबदारी नियमावर सोपवून मोकळा होतो काय?

२

चित्रकार ज्याला 'ग्रिड' म्हणतात, त्याला येथे 'रेषाजाल' म्हटले आहे. ह्या एका नावाखाली निदान तीन वेगळ्या गोष्टी एकत्र येतात आणि त्यांची गल्लत केल्यास प्रश्नच चुकीचा मांडला जातो.

पहिले रेषाजाल प्रमाणाचे. प्राचीन इजिप्तमध्ये उभ्या मानवाकृतीची तळपायापासून कपाळावरच्या केशरेषेपर्यंतची उंची अठरा चौकोनांत बसवली जाई. आपल्या शिल्पशास्त्रातील तालमान चौकोनांचे नसले, तरी त्यामागची भूमिका हीच आहे. आकृती कशी असावी हे परंपरेने आधीच ठरवलेले असते आणि कारागीर त्या ठरावाचा विश्वस्त असतो. दुसरे रेषाजाल साधनाचे. आल्बेर्तीने १४३५च्या आपल्या चित्रकलाविषयक ग्रंथात विरळ विणीच्या पडद्याचे वर्णन केले आहे. जाड धाग्यांनी चौकोन पाडलेला हा पडदा चित्रकार आणि दृश्य ह्यांच्यामध्ये धरायचा आणि प्रत्येक चौकोनात जे दिसेल ते कागदावरील तशाच चौकोनात उतरवायचे. शाळेत चौकटी आखून लहान चित्र मोठे करणारा विद्यार्थी हेच करतो. काम झाले की रेषा पुसल्या जातात.

तिसरे रेषाजाल विसाव्या शतकातले. ते पुसले जात नाही, तेच चित्र होते. रोझलिंड क्राउस ह्यांनी १९७९च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात असे प्रतिपादन केले की, हे रेषाजाल आधुनिक कलेचा मौनाकडे असलेला ओढा आणि साहित्याशी, कथनाशी असलेले तिचे वैर जाहीर करते. साहित्याच्या अभ्यासकाला हे विधान काहीसे टोचते. पण त्यातील निरीक्षण खरे आहे. पहिल्या दोन प्रकारांत रेषाजाल कशासाठी तरी असते. तिसऱ्यात ते कशासाठी आहे ह्याचे उत्तर चित्राबाहेर सापडत नाही. म्हणूनच निर्णयाचा प्रश्न येथे अधिक तीव्र होतो.

३

तो प्रश्न टाळण्याची एक रुळलेली वाट म्हणजे संख्येचा आश्रय. मोंद्रियानच्या रचना सुवर्ण-गुणोत्तरावर, म्हणजे सुमारे १ : १.६१८ ह्या प्रमाणावर, आधारलेल्या आहेत असे वारंवार सांगितले जाते. छापील चित्रावर पट्टी ठेवून तसे आयत काढूनही दाखवले जातात. मोंद्रियानने हे गुणोत्तर योजल्याचा विश्वसनीय पुरावा नाही. उलट त्याने रेषांच्या जागा पुनःपुन्हा बदलल्या आणि नजरेने समतोल साधेपर्यंत काम चालू ठेवले, हे त्याच्या कामाच्या पद्धतीवरून दिसते. न्यूयॉर्कमध्ये तो चिकटपट्ट्या वापरी, त्या नेमक्या ह्यासाठी की त्या उचलून दुसरीकडे लावता येत.

परंतु पुराव्यापेक्षा महत्त्वाचा मुद्दा तर्काचा आहे. समजा, चित्राच्या वरच्या कडेपासून ०.६१८ अंतरावर एक आडवी रेषा आहे. चित्र उलटे केले की ती ०.३८२ अंतरावर येईल; पण तिने पाडलेल्या दोन भागांचे प्रमाण तेच राहील. म्हणजे 'न्यूयॉर्क सिटी १'मध्ये हे गुणोत्तर शोधणाऱ्याला ते सुलट चित्रात जितके सापडेल तितकेच उलट्यातही सापडेल. जी मोजणी सुलट आणि उलट ह्यांत भेद करू शकत नाही, तिने चित्रकाराचा निर्णय उलगडला असे म्हणता येणार नाही. दाटी वर असणे आणि तळाशी असणे हे दोन भिन्न अनुभव आहेत. तळाची दाटी रचनेला पाया देते; वरची दाटी तिला छत देते आणि खालचा अवकाश मोकळा सोडते. हा भेद प्रमाणाचा नाही, भाराचा आहे. आणि उभे राहून पाहणाऱ्या देहालाच भार कळतो.

छंदःशास्त्राच्या अभ्यासकाला हे अपरिचित नाही. भुजंगप्रयाताच्या चरणात चार 'य' गण, म्हणजे बारा अक्षरे, असतात. हा हिशेब उत्तम कवितेला लागू पडतो आणि त्याच वृत्तातील निरर्थक अक्षरजुळणीलाही. वृत्त ओळखणे म्हणजे कविता वाचणे नव्हे. वृत्ताने कवीला कोणत्या जागी शब्द निवडायला भाग पाडले आणि तेथे त्याने कोणता निवडला, हे पाहणे म्हणजे वाचणे.

४

ह्यावर एक आक्षेप संभवतो. ज्याला निर्णय हवा होता, त्याने नियमाची चौकट स्वीकारलीच कशाला? ह्याचे उत्तर मोंद्रियानच्याच वाटचालीत आहे. १९१९मध्ये त्याने दोन 'पटचित्रे' केली, एक गडद रंगांचे आणि एक फिक्या रंगांचे. त्यांत बुद्धिबळाच्या पटासारखा कॅनव्हास सारख्या आकाराच्या आयतांत विभागलेला आहे. येथे रेषांची जागा नियमानेच ठरते आणि चित्रकाराच्या हाती फक्त रंग उरतो. त्यानंतर लवकरच त्याने हा सम विभागणीचा मार्ग सोडला. नियमाच्या टोकापर्यंत जाऊन तेथे आपल्याला ठरवण्यासारखे काय उरते, हे त्याने तपासले आणि तो परतला.

अ‍ॅग्नेस मार्टिन (१९१२–२००४) ह्यांनी मात्र सम विभागणीतच निर्णयाची जागा शोधली. १९६०नंतरच्या दशकातील त्यांचे कॅनव्हास सहा फूट चौरस आहेत. त्यांवर पट्टीने ओढलेल्या पेन्सिलीच्या रेषा आहेत. रेषांची अंतरे आधी कागदावर आकडेमोड करून ठरलेली असत. तरीही जवळ गेल्यावर दिसते की कापडाच्या विणीवरून जाताना रेषा थरथरते, कुठे दाबली जाते, कुठे विरते. अंतर गणिताने ठरले. पण ही रेषा राहू द्यायची की कॅनव्हास टाकून द्यायचा, हे गणित सांगत नाही. मनासारखी न उतरलेली चित्रे मार्टिन नष्ट करीत. निर्णय नाहीसा झालेला नाही. तो रेखाटण्याच्या क्षणातून स्वीकारण्याच्या क्षणात सरकला आहे.

नसरीन मोहमदी (१९३७–१९९०) ह्यांच्या बाबतीत ह्या प्रश्नाला वेगळी धार येते. १९७२पासून त्यांनी बडोद्याच्या ललितकला विभागात अध्यापन केले आणि अलिबागजवळच्या किहीम येथे त्यांचे निधन झाले. आराखडे काढण्याच्या साधनांनी, शाई आणि पेन्सिलीने, कागदावर काढलेली त्यांची रेषाजाले बहुधा शीर्षकाविना आणि तारखेविना आहेत. शरीराच्या हालचालींवरचा ताबा हळूहळू हिरावून घेणाऱ्या आजाराशी झगडत असताना त्या ह्या काटेकोर रेषा ओढत होत्या. ह्या चरित्रतपशिलावरून चित्रांना करुणरम्य अर्थ चिकटवण्याचा मोह टाळलाच पाहिजे. तथापि एवढे म्हणता येईल की, जिच्या हाताला अचूकपणा सहज उपलब्ध नाही, तिच्यासाठी नियम हा आडोसा असू शकत नाही. तो घेतलेला वसा असतो आणि प्रत्येक रेषेगणिक पाळावा लागतो.

५

तेव्हा नियम निर्णयाचे ओझे उतरवत नाही. तो त्याची जागा बदलतो आणि बहुतेक वेळा ती अधिक अरुंद, अधिक उघडी करतो. मोकळ्या रेखाटनात एखादी चूक दहा रेषांत लपून जाते. रेषाजालात लपायला जागा नसते.

आता संग्रहालयाच्या कृतीविषयी. 'न्यूयॉर्क सिटी १' अपूर्ण आहे आणि तिच्यावर स्वाक्षरी नाही. काम करताना मोंद्रियानने ती फिरवून पाहिली असेल, असेही कोणी म्हणू शकेल. ही शक्यता मान्य केली तरी उपलब्ध पुरावा दाट बाजू वर असण्याकडेच झुकतो. अशा स्थितीत चित्रकाराचा निर्णय आणि त्याच्या हाताने लावलेल्या पट्ट्या ह्यांपैकी संग्रहालयाने पट्ट्या निवडल्या. ही निवड योग्यच होती असे मला वाटते. चुकीची दिशा सांगून दुरुस्त करता येते. गळून पडलेली पट्टी पुन्हा त्याच हाताने लावली जाणार नाही. ज्ञात झालेली चूक उघड सांगून जपणे हीही निष्ठाच आहे.

हा प्रामाणिकपणा आपण समीक्षकांनीही अंगी बाणवायला हवा. संहितेवर कोष्टके आखणे, द्वंद्वांच्या जोड्या लावणे, रचनेचे आलेख काढणे हे आपल्या व्यवसायाचे रेषाजाल आहे आणि ते त्याज्य नाही. परंतु आखणी पूर्ण झाल्यावर एक साधी कसोटी लावून पाहावी : ही संहिता उलटी टांगली असती, तर माझ्या कोष्टकाला ते कळले असते काय?