उताऱ्यावरचं नाव

माझी थोरली बहीण इंदिरानगरला फ्लॅटात राहते. वय अडुसष्ट. दिवाळीनंतर म्हणाली, "मला यांच्यापासून सुटायचंय." कारण विचारलं नाही. चाळीस वर्षं बघतच होतो, बोललो मात्र कधी नाही.

वकिलानं सांगितलं, दोघं राजी असतील तर हिंदू विवाह कायद्याचं कलम १३ ब. पोटगी कलम २५ प्रमाणे, पण किती ते कोर्ट ठरवणार. आणि द्राक्षबाग? ती दाजींच्या नावावर. दाजी मृत्युपत्र न करता गेले तर अक्का मुलांइतकीच वारस. घटस्फोट घेतला तर वारस नाही. गोव्यात लग्नाआधी वेगळा करार नसेल तर निम्मं बायकोचं. आपल्याकडं तसं नाही.

"म्हणजे हे मेल्यावर वाटा, जिवंतपणी नाही," अक्का म्हणाली. वकील हसला. मला हसू आलं नाही.

तिनं घड विरळले, डिपिंग केलं, मजुरांच्या भाकरी थापल्या. एका दिवसाचा रोज कुणी मांडला नाही. पोटगी हा शब्दच मला खुपतो. पोटापुरतं द्यायचं म्हणे! अहो, हे तिचं येणं आहे.

१९८६ साली चांदवडला शेतकरी महिला आघाडीचं अधिवेशन झालं, तेव्हा मी ट्रॉलीत बसून गेलो होतो. पुढं शरद जोशींनी लक्ष्मीमुक्ती काढली: बायकोच्या नावे जमीन करा. टाळ्या मीही वाजवल्या.

त्या रात्री गावी आल्यावर कपाटातला सातबारा काढला. भोगवटादाराच्या रकान्यात माझं एकट्याचं नाव.

"काय शोधताय?" बायकोनं विचारलं.

"काही नाही. अक्काच्या कामाचं बघतोय."