ग्रामनाम, व्युत्पत्ती आणि उत्तरदायित्व

ग्रामनामाची व्युत्पत्ती हा सामान्यतः भाषेतिहासाचा प्रश्न मानला जातो. तो नैतिक प्रश्नही आहे, असे येथे मांडावयाचे आहे. त्यासाठी आंबेगाव तालुक्यातील निरगुडसर आणि खुद्द आंबेगाव ही दोन नावे विचारात घेऊ.

निरगुडसर हे तालुक्याच्या पूर्वेकडील, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील गाव. नावाच्या पूर्वपदात निरगुडी (संस्कृत 'निर्गुण्डी') हे ओढ्याकाठी वाढणारे औषधी झुडूप दिसते. उत्तरपदाचा संबंध 'सरस्' म्हणजे तळे या शब्दाशी जोडता येतो. मात्र ध्वनिसाम्य म्हणजे पुरावा नव्हे, हे भान सुटता कामा नये. हे अनुमान ग्राह्य धरले, तर एक विरोधाभास जाणवतो. अवर्षणाच्या मुलखात पाणी सुचविणारे नाव विपुलतेचे वर्णन करीत नाही, अपवादाची नोंद करते. नाव ठेवले जाते ते ओळख पटावी म्हणून. आणि कोरड्या माळावर ओळखीची खूण ठरते ती ओलाव्याची जागा.

वि. का. राजवाडे यांनी महाराष्ट्राच्या वसाहतकालाचा शोध घेताना ग्रामनामांना पुराव्याचे स्थान दिले. पिंपळगाव, बोरी यांसारखी नावे वनस्पतींची साक्ष देतात. 'बुद्रुक' आणि 'खुर्द' ही फारसी मुळाची पदे मध्ययुगीन महसुली व्यवहाराची. परंतु या साक्षींबरोबरच लोकव्युत्पत्तीही नांदत असते. घाटमाथ्यावरील दगडी रांजणात जकातीची नाणी पडत, म्हणून 'नाणेघाट', असे जुन्नर परिसरात सांगतात. हा उलगडा शास्त्रीय कसोटीला उतरो वा न उतरो, सातवाहनकालीन व्यापारी मार्गाची स्मृती त्यात टिकून आहे. अभ्यासकाने तो व्युत्पत्ती म्हणून स्वीकारू नये, पण अज्ञान म्हणून फेकूनही देऊ नये. व्युत्पत्ती नावाचा उगम सांगते, तर लोकव्युत्पत्ती त्या नावाशी माणसांनी जोडलेले नाते. या दोहोंची सरमिसळ करणे हा जसा अपराध, तसाच एकीच्या नावाने दुसरीचे तोंड बंद करणे हाही.

जॉन स्टुअर्ट मिल याने 1843 च्या 'अ सिस्टिम ऑफ लॉजिक' या ग्रंथात विशेषनाम केवळ निर्देश करते, गुणबोध करीत नाही, असे प्रतिपादन केले. डार्टमाउथ हे गाव डार्ट नदीच्या मुखाशी आहे. उद्या नदी दूर सरकली तरी नाव बदलावे लागणार नाही, असा त्याचा दाखला आहे. आपल्याकडे हा दाखला उलट दिशेने घडला. घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयात मूळ आंबेगाव बुडाले. तालुक्याचे ठाणे घोडेगाव, पण तालुका अद्याप आंबेगावच. मिलच्या तर्कानुसार यात काहीच बिघडलेले नाही. निर्देश सुरळीत चालू आहे. सातबाऱ्यावर, मतदारयादीत, शाळेच्या दाखल्यावर ते नाव रोज लिहिले जाते.

विस्थापितांच्या दृष्टीने मात्र हा निर्देश पुरेसा नाही. त्यांच्या तोंडी 'आंबेगाव' म्हणजे घर, शिवार, देऊळ. निर्देश्य वस्तू नाहीशी झाल्यावरच त्या नावाचा अर्थ दाटून आला आहे. धरणाच्या कालव्यांनी पूर्वेकडील कोरड्या शिवारांत पाणी पोहोचविले आणि तेथे ऊस उभा राहिला. म्हणजे ज्या पट्ट्यातील एका गावाचे नाव तळ्याची आठवण सांगते, त्याला पाणी मिळाले ते दुसऱ्या नावाखालची भूमी बुडवून. हा लाभ अन्याय्य होता असे सरसकट म्हणता येणार नाही. तहान ही काही खोटी गरज नव्हती. पण त्याची किंमत कोणी मोजली, हे विसरण्याचा अधिकार लाभार्थ्यांना मिळत नाही.

येथेच नामसंशोधनाचे उत्तरदायित्व सुरू होते. निरगुडी आणि सरस् यांपर्यंत मागे जाणारा अभ्यासक आंबेगावच्या बाबतीत आंब्यापाशी थांबला, तर त्याचे काम व्याकरणाच्या दृष्टीने पूर्ण आणि माणसाच्या दृष्टीने अपुरे राहील. नावाचा उगम सांगताना त्याचा पुढचा प्रवासही सांगितला पाहिजे : ते कोणाच्या तोंडी उरले, आणि कोणाच्या पायाखालून गेले.