झोपेचा हिशेब

“फादर, सकाळच्या मिस्साला जाग येत नाही,” असे अनेक जण सांगतात. दोष सकाळचा नसतो, आदल्या रात्रीचा असतो.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांची उठण्याची वेळ ठरवताना आधी झोपेचा विचार केला. हिवाळ्यात अर्ध्या रात्रीहून थोडी अधिक विश्रांती घ्यावी, मगच प्रार्थनेला उठावे, असा त्यांचा नियम. आजचे डॉक्टरही सांगतात की, प्रौढ माणसाला किमान ७ तास झोप हवी आणि उठण्याची वेळ रोज एकच असावी. म्हणजे पाचला उठणाऱ्याने दहाला झोपलेले असावे.

पण हा हिशेब घरात सर्वांना लागू होतो का? टीव्ही अकरापर्यंत चालतो. भांडी आवरून सर्वांत शेवटी झोपणारी आई डब्यासाठी पहाटे सर्वांत आधी उठते. आपले जागरण तिच्या झोपेतून वजा होते. म्हणून हा प्रश्न केवळ आरोग्याचा नाही, न्यायाचाही आहे.

झोप हे देवाचे दान आहे, असे स्तोत्र १२७ शिकवते. ते दान घरातल्या प्रत्येकाच्या वाट्याला यायला हवे. आज रोझरीनंतर टीव्ही बंद ठेवा, भांडी सर्वांनी मिळून घासा आणि आईबरोबरच झोपायला जा.

आपला,
प्रमुख धर्मगुरू