पाण्यावरचा बांध

आठवडे बाजारात एका कडेला सुक्या मासळीवाल्या बसतात. कांदे-टोमॅटोपासून जरा लांबच, कारण वासाची तक्रार होते. पुढ्यात गोणपाटावर बोंबील, सुकट, जवळा. चांदवडहून समुद्र फार लांब. मध्ये सह्याद्री आडवा, आणि गावाला खेटून सातमाळ्याचे उघडेबोडके डोंगर. तरी समुद्र दर आठवड्याला इथवर येतो. वाळून येतो, एवढंच.

कांदा घेताना आम्ही दहा प्रश्न विचारतो. लाल की उन्हाळ, कुणाच्या शिवारातला, चाळीतला की थेट शेतातून आणलेला. बोंबलाला कुणी काही विचारत नाही. तो पालघरकडचा असेल, सौराष्ट्रातल्या जाफराबादचा असेल. माशाला गाव नसतं. धरणाऱ्याला मात्र गाव असतं, तालुका असतो आणि देशही असतो.

डहाणू-तलासरीकडची आदिवासी पोरं पावसाळा सरता सरता गुजरातेत जातात. ओखा, पोरबंदर, वेरावळ, मांगरोळ. तिथल्या बोटींवर खलाशी म्हणून. जाताना उचल घेतलेली असते. उचल म्हणजे काय, हे आमच्या भागातून ऊसतोडीला जाणाऱ्यांना समजावून सांगावं लागत नाही. पैसा आधी खर्च होतो, घाम मागाहून गळतो. फरक इतकाच, की उसाच्या फडात काम करणारा माणूस परदेशात जाऊन पडत नाही.

खलाशी जातो. खरं म्हणजे नेला जातो. सुकाणू तांडेलाच्या हातात, बोट मालकाची, आणि मालक किनाऱ्यावर. जाळं ओढणाऱ्याला दिशा कुणी विचारत नाही. पण पाकिस्तानी गस्ती नौका आली, की बोटीवरचे सगळेच धरले जातात. नोव्हेंबर २०२१ मध्ये तर पालघर जिल्ह्यातला एक खलाशी त्यांच्या गोळीबारात गेला.

समुद्रातली हद्द चुकून ओलांडली जाते असं म्हणणं सोपं आहे. पुष्कळदा तसंच असतं. रात्र असते, ओढ असते, इंजिन बिघडतं, जाळं पाण्यात असताना बोट वाहत जाते. पण आता बोटींवर जीपीएस असतं. कधी कधी तांडेलाला नीट ठाऊक असतं आपण कुठे आहोत ते. गुजरातच्या किनाऱ्यालगत मासळी कमी झाली आहे, आणि तिकडे सिंधू नदीच्या मुखाशी गाळ आहे, तिवरं आहेत, मासा आहे. रिकामी बोट घेऊन परतायचं कसं, हा प्रश्न नकाशापेक्षा मोठा होतो. मला त्याला निर्दोष ठरवायचं नाही. त्याने नेमकं काय ओलांडलं, एवढंच समजून घ्यायचं आहे.

हद्द आम्हाला कळते ती बांधावरून. बांध दिसतो. त्यावर बाभूळ असते, बोरी असते, गवत माजलेलं असतं. नांगरताना कुणी वीतभर बांध कोरला तर दुसऱ्या दिवशी सकाळी ते दिसतं, आणि संध्याकाळपर्यंत भांडण होतं. सख्खे भाऊ एका बांधावरून आयुष्यभर अबोला धरतात. मग मोजणी येते, हद्दीच्या खुणा शोधल्या जातात, पंच उभे राहतात. ही भांडणं मी जवळून पाहिली आहेत आणि त्यांचा मला कंटाळा आहे. तरी त्यांच्यात एक गोष्ट चांगली आहे. भांडणाऱ्या दोघांनाही बांध कुठे आहे असं आपल्याला वाटतं, ते समोरासमोर बोट दाखवून सांगता येतं.

समुद्रात बोट कुठे दाखवणार?

 

कच्छच्या टोकाला सर क्रीक नावाची खाडी आहे. सुमारे ९६ किलोमीटर लांब. चिखल, खारं पाणी, भरती-ओहोटी. तिथे धड शेती नाही की वस्ती नाही. भारत म्हणतो, हद्द खाडीच्या मध्यावरून जाते. पाकिस्तान म्हणतो, पूर्वेच्या काठावरून. खाडीचा निकाल लागत नाही, म्हणून तिच्या मुखापासून पुढे समुद्रात जाणारी रेघही दोघांच्या संमतीने कधी आखली गेली नाही. कच्छच्या रणाचा निवाडा १९६८ मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने दिला, त्यात ही खाडी वगळली होती. शिवाय ती दलदलीतली खाडी. आपली जागाही ती थोडी थोडी बदलत राहते.

वादाचं मूळ पाहिलं तर आमच्या बांधाच्या भांडणाहून फारसं वेगळं नाही. सांगतात, की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खाडीकाठच्या जळाऊ लाकडांवरून कच्छ आणि सिंध यांच्यात तंटा झाला. कच्छ रावांचं संस्थान. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात. म्हणून त्या तंट्यावर १९१४ मध्ये ठराव केला तो मुंबई सरकारने. आज दोन्ही देश त्याच ठरावाचा आधार घेतात, आणि त्यातून दोन वेगळे अर्थ काढतात.

या एका गोष्टीपाशी मी पुन्हा पुन्हा येतो. सिंध मुंबई इलाख्यातून वेगळा झाला तो १९३६ मध्ये. म्हणजे तोवर नाशिक जिल्ह्यातलं आमचं चांदवड, ठाणे जिल्ह्यातलं डहाणू आणि तिकडची कराची, ही सगळी एकाच इलाख्यातली गावं. एकच गव्हर्नर. एकच कौन्सिल. डहाणूचा एखादा माणूस तेव्हा कराचीच्या पाण्यात जाळं टाकायला गेला असता, तर तो प्रांताबाहेरही गेला नसता, मग देशाबाहेर कुठला! पाणी तेच आहे. मासाही बहुधा त्याच जातीचा.

उलट आमच्याच जवळची एक हद्द पुसली गेली. येवल्यावरून वैजापूरकडे जाताना आधी निजामाचं राज्य लागायचं. करोडगिरीचे नाके, हाली सिक्का, वेगळे शिपाई. मालावर जकात द्यावी लागे. सप्टेंबर १९४८ मध्ये ते राज्य संपलं. आता त्या रस्त्याने एसटी जाते तेव्हा हद्द कुठे होती, ते कुणाला कळतही नाही. कंडक्टर पुढच्या थांब्याचं नाव पुकारतो, एवढंच. बारा वर्षांच्या अंतरात एक सरहद्द उगवायला लागली आणि एक मावळली. दोन्हींच्या वेळी माणसं तीच होती.

जगात असंही पाणी आहे जिथे रेघ आहे आणि तंटा नाही. अमेरिकेचं मिनेसोटा आणि कॅनडाचं ऑन्टारियो यांच्यामध्ये लेक ऑफ द वूड्स नावाचं सरोवर आहे. सीमा पाण्यातून जाते. लोक सुट्टीत गळ घेऊन पलीकडे जातात. मासेमारीचा परवाना काढतात, आल्याची वर्दी देतात, चार दिवस मजेत घालवून परततात. ती त्यांची हौस असते. हौशी माणूस परदेशात मासे धरतो तेव्हा त्याला सहल म्हणतात. पोटासाठी गेलेल्याच्या वाट्याला कराचीतला मलीर तुरुंग येतो.

आणि हे एकतर्फी नाही, हेही सांगायला हवं. तिकडच्या कोळ्यांनाही आपण धरतो. ज्या रेघेवर दोन सरकारांचं एकमत नाही, ती ओलांडणाऱ्याला शिक्षा करण्यावर मात्र त्यांचं एकमत आहे. समुद्रासंबंधीच्या १९८२ च्या आंतरराष्ट्रीय कराराला दोन्ही देशांनी मान्यता दिली आहे. किनाऱ्यापासून दूरच्या आर्थिक क्षेत्रात मासेमारीचा नियम मोडला, तर देशादेशांत तसा वेगळा करार असल्याशिवाय तुरुंगवास देऊ नये, असं त्याचं ७३ वं कलम सांगतं. वाजवी जामीन घेऊन बोट आणि माणसं लवकर सोडावीत, असंही सांगतं. कलम स्वच्छ आहे.

प्रत्यक्षात शिक्षा काही महिन्यांची असते आणि सुटका वर्षांनी होते. शिक्षा भोगून झाल्यावर तो कुठला नागरिक आहे याची खातरजमा व्हावी लागते. कागद इकडून तिकडे जातात. आणि सगळे कागद आले तरी सुटकेला मुहूर्त लागतो. संबंध बरे असले तर शंभर-दोनशे जण एकदम सुटतात; मे २०२३ मध्ये १९८ जण सुटले होते. संबंध बिघडले की दार बंद. दोन्हीकडच्या निवृत्त न्यायाधीशांची एक संयुक्त समिती तुरुंगांना भेटी देऊन कैद्यांची विचारपूस करायची. २०१३ नंतर तिची भेट झालेली नाही.

सुटला तरी माणूस आला त्या वाटेने परतत नाही. कराचीहून रेल्वेने लाहोर, तिथून वाघा, मग पंजाबातून पुन्हा रेल्वेने गुजरात. पाण्यात धरलेला माणूस जमिनीवरून घरी येतो. या प्रवासाचा खर्च अनेकदा कराचीच्या एधी फाउंडेशनने उचलला आहे. ज्या देशात कैद झाली, त्याच देशातल्या कुणीतरी तिकीट काढून द्यावं, याचं मला बरं वाटतं. बोट मात्र बहुतेक वेळा तिकडेच राहते, आणि पकडलेला मासाही.

एक गोष्ट अजून तुटलेली नाही. २००८ मध्ये दोन्ही देशांनी करार केला, की वर्षातून दोनदा, १ जानेवारी आणि १ जुलैला, आपापल्या ताब्यातल्या कैद्यांच्या आणि मच्छीमारांच्या याद्या एकमेकांना द्यायच्या. मे २०२५ मध्ये आकाशात क्षेपणास्त्रं होती. त्याच वर्षी १ जुलैला याद्या दिल्या-घेतल्या गेल्या. पाकिस्तानच्या यादीत १९३ भारतीय मच्छीमार होते, भारताच्या यादीत ८१ पाकिस्तानी. दोन्ही आकड्यांत बहुतेक माणसं अशी, की ज्यांचं परराष्ट्र धोरणाशी काही देणंघेणं नाही.

या याद्यांची बातमी पेपरात आतल्या पानावर, चार-सहा ओळींत येते. बहुतेक जण पान उलटतात. पुढच्या वेळी उलटू नका. त्या ओळींत शेवटी आणखी एक आकडा असतो: शिक्षा पुरी होऊनही आत असलेल्यांचा. जुलै २०२५ मध्ये असे मच्छीमार आणि इतर कैदी मिळून १५९ भारतीय होते. एकूण आकड्याच्या आधी तो आकडा वाचत जा.