आर्ताची परिचर्या

सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामी उत्तरापंथे गेल्यावर श्रीनागदेवाचार्यादी शिष्यगण ऋद्धिपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत राहिला. ती सेवा नुसत्या दंडवताची नव्हती, नित्याच्या परिचर्येची होती. आर्ताविषयी बोलताना हे आधी ध्यानी घ्यावे.

कुंभार पिंपळगावसारख्या गावी पायाने अधू अशा एखाद्या वासनिकाची मूत्रपिंडे निकामी झाली, तर डायलिसिससाठी आठवड्यातून दोन-तीनदा जालन्यासारख्या शहराची वाट धरावी लागते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लक्ष रुपयांपर्यंत उपचारांची सोय आहे. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी विनामूल्य राखून ठेवाव्या लागतात. मग मित्राने द्यावयाचे काय उरले? एसटीत दिव्यांगास भाड्याची सवलत मिळते. पायरी चढविणारा हात मिळत नाही. जीपचे भाडे, सोबत्याची बुडालेली मजुरी, शिधापत्रिका आणि दाखल्यांसाठी घातलेल्या खेपा, हे सारे घरावरच पडते.

त्यातही दात्याचा अहंकार मोठा सूक्ष्म! वर्गणी जमवून पंगतीत नावे पुकारली, की आजाऱ्याच्या वेदनेत लाजेची भर पडते. परमार्गात भिक्षा हीन नव्हे. तथापि संन्याशाची भिक्षा स्वीकारलेली असते, आजाऱ्याची निरुपायाची. म्हणून मित्राने त्याच्या मागण्याची वाट पाहू नये. पहाटे गाडी दाराशी आणावी, कागद आपण सांभाळावेत. हिशेबाची वही मात्र त्याच्याच उशाशी ठेवावी. आलेला पैसा आधी कशावर खर्चावा, हे ठरविण्याचा अधिकार रोगाने त्याच्यापासून काढून घेतलेला नाही.